आधी मोजा, मग ओढा

१९७८ च्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रबर कारखान्यात काळ्या नळीचा हातभर तुकडा तपासणीत नापास झाला. बुधवारी सकाळी साडेआठ वाजता तोच तुकडा, त्याच खोलीत, त्याच यंत्रावर पास झाला. मधले अठरा तास तो एका लाकडी कपाटात होता. कपाटाची किल्ली विमल सोमकुवर यांच्याकडे होती. तुकडा बदलल्याचा आरोप त्यांच्यावर आला.

विमल सोमकुवर त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. प्रयोगशाळेत त्या एकट्याच होत्या.

त्यांची माझी ओळख बसमधली. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. कळमेश्वर आणि काटोलकडचा भाग माझ्याकडे होता, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात दहाची एसटी धरावी लागे. विमलबाई रोज त्याच बसने जात. वय पस्तिशीच्या आसपास, अंगावर सुती साडी, खांद्याला खाकी पिशवी, आणि दहाही बोटे काळी. नखांच्या कडेला, पेरांच्या रेषांत काजळी बसलेली. कारखान्यात रबरात काजळी कालवत, आणि ती कातडीत एकदा शिरली की साबणाने निघत नाही. त्या रॉकेल, लिंबू, राख असे सगळे करून थांबल्या होत्या. "निघाली असती तर कळलं असतं," एवढेच म्हणाल्या.

कशा आहात, असे विचारले की त्या "आत्ता ठीक" म्हणत. एकदा मी विचारले, आत्ता म्हणजे? त्यांनी घड्याळ पाहिले. "सात वीस. पुढचं पुढे."

हा विनोद नव्हता. वेळ सांगितल्याशिवाय त्या कुठलीच गोष्ट खरी धरत नसत. कुणी म्हणाले, अमक्याला ताप आहे, की त्या विचारत, कधी मोजला? कुणी म्हणाले, तमका माणूस चांगला आहे, तरी तेच. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या वहीत प्रत्येक आकड्याच्या डावीकडे वेळ असे आणि उजवीकडे त्या तुकड्याचे आधी काय झाले होते ते. तापवला, वाकवला, पाण्यात होता, खाली पडला. खाली पडला हेसुद्धा.

इंदोऱ्यात त्यांचे घर होते. वडील कापडगिरणीतून निवृत्त झालेले, आई नव्हती. बी. एस्सी. झालेली घरातली पहिली व्यक्ती त्या. हे त्यांनी मला सांगितले नाही. वडिलांनी सांगितले, तेही दोनदा.

एका निवडणुकीत त्या मत द्यायला गेल्या तेव्हा केंद्रावरच्या माणसाने त्यांची बोटे पाहून त्यांना बाजूला उभे केले.

"बाई, तुम्ही मत देऊन आल्या."

"नाही."

"मग बोट काळं काहून आहे?"

"दहाही काळे आहेत. दहा मतं द्यायला सकाळपासून वेळ कुठे झाला?"

केंद्रप्रमुख आला. यादी पाहिली. यादीत त्यांच्या नावापुढे खूण नव्हती, पण बोटांवर होती. शेवटी मत देऊ दिले, आणि शाई लावायची वेळ आली तेव्हा ती कुठे लावावी हा प्रश्न निघाला, कारण लावलेली दिसेना. विमलबाईंनी बांगडी वर सरकवली. "मनगटावर लावा. तिथपर्यंत काजळी पोचत नाही." शाई मनगटावर लागली.

दुसरी गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीची, मंदाची. मंदा सावनेरला दिलेली. एका रविवारी दुपारी ती एकटीच माहेरी आली आणि म्हणाली, आता परत जाणार नाही. वडील रागावले, शेजारच्या बाया जमल्या. विमलबाईंनी सगळ्यांना बाहेर काढले आणि बहिणीला म्हणाल्या, "आज काही ठरवू नको. तुले आत्ताच ताण बसला आहे. जेव, झोप. उद्या याच वेळेले विचारतो, तेव्हा सांग." त्या दिवशी तिला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता विमलबाईंनी विचारले. मंदाने तेच उत्तर दिले. विमलबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेलीच होती. त्या तशाच सावनेरला गेल्या आणि तिची ट्रंक आणि तिचा मुलगा घेऊन आल्या. सासरच्यांनी म्हटले, दोन दिवसांत राग जाईल. "चोवीस तास दिले," विमलबाई म्हणाल्या. "जेवढं परत यायचं तेवढं आलं."

तेव्हापासून मंदा आणि तिचा मुलगा इंदोऱ्यालाच होते. घर विमलबाईंच्या पगारावर चाले.

आता त्या नळीविषयी.

कारखाना ज्या नळ्या करत होता त्या ऑपरेशन थिएटरसाठी होत्या. पेशंटला भूल द्यायच्या मशीनपासून त्याच्या तोंडावरच्या मुखवट्यापर्यंत ही नळी जाते आणि तिच्यातून ईथरची वाफ जाते. ईथर पेट घेते. साध्या रबराच्या नळीवर घर्षणाने स्थिर वीज साठते, तिला जायला वाट नसते, आणि ती ठिणगी होऊन सुटली तर पेशंटच्या तोंडाशी स्फोट होतो. म्हणून या नळीच्या रबरात काजळी घालतात. काजळीतून वीज वाहते, हळूहळू जमिनीत उतरते, ठिणगी पडत नाही. वीज पुरेशी वाहते की नाही हे रोध मोजून कळते. रोध एक मेगोहमच्या आत असेल तर नळी पास. प्रयोगशाळेत त्यासाठी हाताने फिरवायचा मेगर होता. नळीच्या दोन टोकांना चिमटे लावायचे, मूठ फिरवायची, काटा वाचायचा.

मंगळवारी सरकारी खरेदी खात्याचे तपासनीस मोहरील आले. चारशे नळ्यांचा माल तयार होता. त्यांच्याकडच्या छापील तक्त्यात दोन चाचण्या होत्या: ताणून चीर पडते का ते पाहणे आणि रोध मोजणे. आधी कुठली करायची हे तक्त्यात लिहिलेले नव्हते. विमलबाई नेहमी आधी मोजत आणि मग ओढत. मोहरीलांनी वर्षानुवर्षे रबराचे वायसर, पट्टे, बूट तपासले होते. रबर हातात आले की ते आधी ओढत. बाजारात इलॅस्टिक घेणारा प्रत्येक माणूस हेच करतो. त्यांनी तुकडा दोन्ही मुठींत धरून दीडपट ताणला, सोडला, चीर नाही म्हणाले, आणि मग तोच तुकडा मेगरला लावायला दिला.

विमलबाई म्हणाल्या, "साहेब, मोजायला दुसरा घ्या. हा ओढलेला आहे."

"ओढल्यानं काय होते? रबर आहे."

काट्याने अडीच मेगोहम दाखवले. मोहरीलांनी तुकड्यावर पिवळ्या पेन्सिलीने सही केली, माल नाकारल्याचे पत्र उद्या लिहितो म्हणाले आणि नागपूरला गेले. बुधवारी सकाळी ते पत्र लिहायला आले तेव्हा विमलबाईंनी कपाट उघडले, सही दाखवली आणि त्यांच्यासमोर तुकडा पुन्हा मोजला. पाऊण मेगोहम.

मोहरीलांनी तुकड्यावरची सही उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "बाई, तुकडा बदलला."

"सही तुमची आहे."

"पिवळी पेन्सिल कुठंही मिळते."

कारखान्याचे मालक देशकर तिथेच होते. त्यांनी मोहरीलांना चहाला पाठवले आणि दार लोटून विमलबाईंना हळू आवाजात म्हणाले, "बाई, बदलला असंन तरी मी काही म्हणत नाही. कारखान्यासाठीच केलं ना तुम्ही. आपल्यात राहीन."

"तुमच्यात राहू द्या. मी बदलला नाही."

"मग एका रात्रीत सुधरला कसा?"

हे संभाषण मला पुढे दोघांनीही सांगितले. शब्दांत फरक नव्हता.

उत्तर त्यांनी सगळ्यांसमोर दिले. मिक्सिंगच्या रोलवर काम करणारा देवराव तिथे होता, मोहरील चहा पिऊन परतले होते. विमलबाई म्हणाल्या, स्लॅब टाकायच्या वेळी बायामाणसांची रांग कशी उभी राहते ते आठवा. घमेले या हातातून त्या हातात जाते. काजळीचे कण रबरात असेच रांगेने उभे असतात आणि वीज घमेल्यासारखी पुढे जाते. रबर ताणले की माणसे एकमेकांपासून दूर होतात, हात पोचत नाहीत, घमेले मधेच थांबते. काटा वर जातो.

देवराव म्हणाला, "पण बाई, तुम्ही तं रबर सोडून देलं. माणसं परत जवळ आली. मंग घमेलं द्याले काय धाड भरली?"

"ते चिखलात उभे आहेत, देवरावभाऊ. गुडघ्यापर्यंत. जवळ आले पण वाकडे आले, पाठमोरे आले. सरळ व्हायले वेळ लागते. रात्रभर लागते."

"सगळे होते का सरळ?"

"सगळे नाही. काही तसेच राहतात."

देवराव म्हणाला, "मंग साहेबाईनं काल रांगच मोडली म्हणायची."

मोहरील म्हणाले, हे सगळे ऐकायला ठीक आहे. त्यांना पुरावा हवा होता. विमलबाईंनी वही पुढे केली. दीड वर्षाचे आकडे होते, वेळेसकट. मोहरील म्हणाले, वही त्यांच्याच हातची आहे. हे बरोबर होते.

तेव्हा विमलबाईंनी सांगितले, प्रयोग पुन्हा करू. तुकडा साहेबांनी निवडावा, साहेबांनी ओढावा, डब्यात घालून लाखेची मोहर करावी, आणि कारखान्याबाहेरचा एक साक्षीदार असावा. तो साक्षीदार मी.

गुरुवारी बसमध्ये त्यांनी मला विचारले, "भाऊ, तुम्हाला रबरातलं काही कळतं का?"

"नाही."

"विजेतलं?"

"फ्यूज बदलता येतो."

"मालकाशी ओळख?"

"नाही."

"मग उद्या या. सही करायची आहे. फक्त एक, याची बातमी करायची नाही. साक्षीदार आणि बातमीदार एकच असला तर दोन्ही कच्चे."

मी बातमी केली नाही.

शुक्रवारी अकरा वाजता प्रयोगशाळेत आम्ही चौघे होतो. मोहरील, देशकर, विमलबाई आणि मी. मोहरीलांनी चारशेतून एक नळी काढली आणि तिचा हातभर तुकडा कापला. विमलबाईंनी मेगरला हात लावला नाही, मूठ मोहरीलांनी फिरवली. पॉइंट तीन. मग त्यांनी तुकडा दीडपट ताणला, दहा आकडे मोजले, सोडला. पुन्हा मूठ फिरवली. दोन पॉइंट सहा. तुकडा स्टीलच्या डब्यात गेला, डब्याला सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर मोहरीलांच्या अंगठीचा ठसा, कागदावर आम्हा चौघांच्या सह्या. डबा मोहरील बरोबर घेऊन गेले. विमलबाई पाचच्या बसने घरी गेल्या. मीही त्याच बसला होतो. उतरताना मी विचारले, उद्या किती येईल? त्या म्हणाल्या, "उद्या मोजू."

शनिवारी सकाळी लाख फुटली. मोहरीलांनी मूठ फिरवली. पॉइंट सात.

मोहरीलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, बुधवारचा शब्द मागे घेतो," ते म्हणाले. "माझंच चुकलं. आधी ओढायला नको होतं." ते सरळ माणूस होते. देशकरांनी देवरावला समोसे आणायला पाठवले. चारशे नळ्या पास होण्यात आता फक्त तक्ता भरणे आणि विमलबाईंची सही बाकी होती. कारखान्यातर्फे चाचणीवर सही करायला खरेदी खात्याकडे त्यांचेच नाव नोंदलेले होते. दुसऱ्या कुणाची सही चालत नव्हती.

विमलबाई म्हणाल्या, "अजून एक मोजायचं आहे."

त्यांनी टेबलाखालून एक फळी काढली. फळीवर ओळीने खिळे होते. नळीचा नवा तुकडा दोन खिळ्यांना ताणून अडकवायचा आणि ताणलेला असतानाच चिमटे लावायचे, अशी ती योजना होती. त्यांनी तुकडा सव्वापट ताणून अडकवला. तीन मेगोहम. दीडपट ताणला. काटा वीसच्या पुढे गेला.

खोलीत समोशांचा वास होता. कुणी खात नव्हते.

देशकर म्हणाले, "हे कुणी मागितलं होतं?"

"कुणी नाही."

"तक्त्यात आहे?"

"नाही."

"मग काहून मोजलं?"

"सुटल्यावर काय होतं ते आपण दोन दिवस पाहिलं. ओढून धरल्यावर काय होतं ते कुणी पाहिलं नव्हतं. ईथर तेव्हाच चालू असते."

मोहरील म्हणाले, "थिएटरमध्ये नळी कोण ओढते, बाई?"

"मी मागच्या महिन्यात एका दवाखान्यात जाऊन पाहिलं. टेबल वरखाली करतात. मशीन सरकवतात. नळी ताणते."

"किती?"

"ते मोजू दिलं नाही."

देशकरांनी अर्धा तास समजावले. माल तयार आहे. नियमात जेवढे लिहिले आहे तेवढे सगळे पास आहे, आणि ते पास असल्याचे बाईंनीच सिद्ध केले आहे. विमलबाई प्रत्येक वाक्याला हो म्हणाल्या. मग त्यांनी तक्त्यातल्या शेऱ्याच्या जागेत लिहिले: ताणलेल्या स्थितीत रोध मर्यादेबाहेर जातो, सव्वापट ताणावर तीन मेगोहम. खाली वेळ घातली. सही केली नाही. शेऱ्यासकट सही चालत असेल तर करते म्हणाल्या, नाहीतर नाही.

त्यांनी एक तोडगाही सुचवला. प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधावी, ओढू नये म्हणून.

"रबराच्या नळीवर ओढू नये लिहू?" देशकर म्हणाले. "उद्या छत्रीवर लिहीन, पावसात नेऊ नये."

दुसरा तोडगा काजळी वाढवण्याचा होता. रांगा दाट झाल्या की काही तुटल्या तरी बाकीच्या पुरतात. पण त्यासाठी चारशे नळ्या टाकून नव्या कराव्या लागल्या असत्या. देशकर उठले. सोमवारी सकाळपर्यंत विचार करा, असे त्यांनी सांगितले. शेरा खोडून सही, नाहीतर हिशोब. मोहरील सोमवारी येतो म्हणाले.

रविवारी मी इंदोऱ्याला गेलो होतो, दुसऱ्या एका कामाने, आणि त्यांच्याकडे डोकावलो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मंदा आत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्ही सांगा न वं हिले. एक शेरा तं आहे. पोराची शाळा आहे, बाबांचं औषध आहे. खोडला तं काय होऊन राहिलं?"

विमलबाईंनी मान वर न करता विचारले, "मंदे, तुह्या ऑपरेशनच्या वेळेले नळी होती न तोंडावर?"

"होती."

"कशी होती?"

"मले काय माहीत. मी बेहोश होती."

"हो," विमलबाई म्हणाल्या आणि सूप झटकले.

सोमवारी त्या नेहमीच्या बसने गेल्या. शेरा ठेवून सही केली. देशकरांनी दुसरा कोरा तक्ता पुढे ठेवला, त्यावर त्यांनी सही केली नाही. मोहरील दहा वाजता आले. त्यांनी शेऱ्याचा तक्ता वाचला, फळी मागितली, स्वतः तुकडा अडकवला, स्वतः मूठ फिरवली. एकदा नाही, पाच तुकडे घेऊन पाच वेळा. मग तक्त्यावर लिहिले: माल नाकारला. खाली कारण म्हणून विमलबाईंचा शेरा जसाच्या तसा उतरवला. जाताना ते देशकरांना म्हणाले, "तुमच्या बाईंनी सांगितलं नसतं तर मी पास केला असता." ते कौतुक होते. देशकरांनी ते तसे घेतले नाही.

दुपारी एक वाजता विमलबाईंना कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले. त्यांनी कपाटाची किल्ली दिली आणि पोच मागितली. पोच मिळाली.

नव्या नळ्या तयार व्हायला सात आठवडे लागले. काजळी वाढवली होती, देवरावने रोलवर मिश्रण तीन वेळा पुन्हा केले. मोहरीलांनी या वेळी लेखी कळवले होते की रोध सरळ आणि ताणून, दोन्ही मोजावा, आणि चाचणीवर नोंदलेल्या व्यक्तीची सही हवी. दुसरे नाव अजून नोंदलेले नव्हते, आणि नोंदवायला आणखी महिना लागणार होता. देशकरांनी देवरावला इंदोऱ्याला पाठवले.

देवराव परत येऊन मालकाला म्हणाला, "येतो म्हणे. एकच विचारलं."

"काय?"

"कुणी ओढली तं नाही न?"

त्या गुरुवारी मी कळमेश्वरला जात होतो. विमलबाई बसमध्ये होत्या. कारखान्यापर्यंत मी बरोबर गेलो आणि दारात थांबलो. त्यांनी चारशेतून वीस नळ्या काढल्या. सरळ मोजल्या, सव्वापट ताणून मोजल्या, दीडपट ताणून मोजल्या. दुपारी साडेतीनला मोजणे संपले. ताणावरचा सगळ्यांत मोठा आकडा पॉइंट आठ होता. त्यांनी तक्त्यावर सही केली, शेऱ्याच्या जागेत "शेरा नाही" लिहिले आणि वेळ घातली.

देशकर दारापर्यंत आले. "बाई, जे झालं ते झालं. उद्यापासून या. पत्र मी फाडून टाकतो."

"फाडू नका. ते खरं आहे," विमलबाई म्हणाल्या. "मी आज मोजायला आली होती. सोमवारपासून सावनेरकडच्या खाणीत केबल तपासायचं काम आहे. सकाळी सातला हजर व्हायचं आहे."

पाचची बस सहाला नागपूरच्या स्टँडवर पोचली. विमलबाई उतरल्या, पदर खोचला आणि सावनेरच्या फलाटाकडे सकाळच्या गाड्यांची पाटी वाचायला गेल्या.